२९४ मतपत्रिका आणि चुकीच्या जागी लिहिलेला आकडा

१/
इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहर, १८७० चे दशक. नगरपालिकेच्या एका जागेसाठी मतदान चालू आहे. केंद्र क्रमांक १३० वरचा केंद्राध्यक्ष मोठा काटेकोर माणूस असावा. मतदार समोर आला की यादीत त्याचे नाव शोधायचे, नावापुढचा अनुक्रमांक पाहायचा आणि तोच अनुक्रमांक मतपत्रिकेच्या दर्शनी बाजूवर लिहून ती मतदाराच्या हाती द्यायची, असा त्याचा क्रम होता. अशा अंक लिहिलेल्या २९४ मतपत्रिका त्या केंद्रातून निघाल्या.

२/
प्रकरण न्यायालयात गेले. १८७५ साली 'वुडवर्ड विरुद्ध सार्सन्स' या नावाने त्याचा निकाल लागला आणि या २९४ मतपत्रिका बाद ठरल्या. त्या मतदारांनी कोणाचे पैसे घेतले नव्हते, कोणाच्या नावावर मत दिले नव्हते. त्यांच्या हाती कागद येण्यापूर्वीच त्यावर एक आकडा पडला होता, एवढेच.

३/
गंमत अशी की आकडा लिहिणे हे त्या केंद्राध्यक्षाचे कर्तव्यच होते. कायद्याने त्याला तो लिहायला सांगितलेच होते. फक्त दुसऱ्या जागी, काही इंचांच्या अंतरावर. त्या काही इंचांमागे पावणेदोनशे वर्षांचा वाद उभा होता. मतदान केंद्रावरील कारकुनाने काय लिहावे आणि काय लिहू नये, या वादाचा हा इतिहास.

४/
सुरुवात १६९६ पासून करावी लागते. त्या वर्षी इंग्लंडच्या संसदेने परगण्यांतील निवडणुकांसाठी कायदा केला. शेरीफने कारकून नेमावेत, त्यांना शपथ द्यावी आणि त्या कारकुनांनी प्रत्येक मतदाराच्या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: त्याचे नाव, त्याची जमीन कोठे आहे ते ठिकाण, आणि तो कोणाला मत देतो आहे.

५/
आज वाचताना तिसरी नोंद खटकते. त्या काळी ती खटकत नव्हती; उलट फसवणुकीवरचा उपाय म्हणूनच ती आली होती. त्यापूर्वी हात वर करून, आरडाओरडा करून, फार तर माणसे मोजून निकाल लागत असे आणि शेरीफ ज्याच्या बाजूचा, त्याच्या पदरी निकाल पडे. नावनिशीवार वही आली की निकालाला आव्हान देता येते. अमुक माणसाची जमीनच नव्हती, तमुक माणूस दोनदा आला, हे दाखवता येते. वही म्हणजे पुरावा.

६/
या वह्यांना 'पोल बुक' म्हणत. मतदानानंतर त्या छापून विकल्याही जात. गावातल्या कोणत्या चांभाराने, कोणत्या खाटकाने, कोणत्या पाद्र्याने कोणाला मत दिले हे कोणीही पुस्तक विकत घेऊन वाचावे! इतिहासाच्या अभ्यासकांना ही पुस्तके म्हणजे घबाडच आहे. अठराव्या शतकातल्या सामान्य इंग्रज माणसाचे राजकीय मत इतक्या बारकाईने सांगणारे दुसरे साधन नाही. पण अभ्यासकाला जे सोयीचे, ते जमीनदारालाही सोयीचे होते.

७/
चित्रकार विल्यम होगार्थ याने १७५० च्या दशकात निवडणुकीवर चार चित्रे काढली. त्यातल्या मतदानाच्या चित्रात लढाईत हात गमावलेला एक सैनिक शपथ घेताना बायबलवर हाताऐवजी लोखंडी आकडा ठेवतो आहे, आणि अशी शपथ चालते की नाही यावर वकिलांची हुज्जत चालली आहे. शेजारचा कारकून तोंडावर हात धरून हसतो आहे. नोंद करणाऱ्या माणसाला चित्रात मानाची जागा मिळाल्याचे हे दुर्मीळ उदाहरण म्हणता येईल. मान जरा उपहासाचा आहे, एवढेच.

८/
संसदेच्या निवडणुकीतून आता नगरपालिकेकडे येऊ. १८३५ च्या नगरपालिका कायद्याने इंग्लंडमधील जुनी, आपापसांत जागा वाटून घेणारी नगरमंडळे मोडीत काढली आणि कर भरणाऱ्या नागरिकांना नगरसेवक निवडण्याचा हक्क दिला. मतदानाची रीत मात्र पाहण्यासारखी होती. मतदाराने उमेदवारांची नावे लिहिलेला कागद आणायचा, खाली स्वतःची सही करायची, कर भरत असलेल्या मालमत्तेच्या रस्त्याचे नाव लिहायचे आणि तो कागद अधिकाऱ्यांच्या हाती द्यायचा.

९/
हे कागद नंतर नगरपालिकेच्या सचिवाकडे निदान ६ महिने राहत. शहरातला कोणीही मतदार दर शोधाला १ शिलिंग भरून ते पाहू शके. शेजाऱ्याने कोणाला मत दिले हे जाणून घेण्याचा सरकारी दर: १ शिलिंग.

१०/
याचे परिणाम व्हायचे तेच झाले. कुळाला जमिनीवरून काढले जाई. दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटे. मजुराला सोमवारी कामावर घेतले जात नसे. दोन्ही बाजू हे हत्यार वापरत. श्रीमंत गिऱ्हाईक वाण्याला धमकावी, तसेच ज्यांना स्वतःला मत नव्हते असे मजूरही खाटकाला बजावत की चुकीच्या माणसाला मत दिलेस तर तुझ्याकडचे मांस बंद. गुप्त मतदान ही चार्टिस्ट चळवळीच्या १८३८ च्या सनदेतल्या सहा मागण्यांपैकी एक होती, ती याच अनुभवातून.

११/
तरीही विरोध करणारे सगळे जमीनदार नव्हते. जॉन स्ट्युअर्ट मिलसारखा विचारवंत १८६१ साली गुप्त मतदानाच्या विरोधात लिहीत होता. त्याचे म्हणणे असे की मत ही खाजगी मालमत्ता नाही, ती समाजाने सोपवलेली जबाबदारी आहे; आणि जबाबदारी उघडपणे पार पाडावी. त्याचे वडील जेम्स मिल मात्र गुप्त मतदानाचे कट्टर पुरस्कर्ते. 'ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास' लिहिणारे ते हेच. बापलेक दोघांचीही नोकरी ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत गेली. कंपनीच्या कचेरीत हिंदुस्थानच्या कारभाराचे कागद लिहिणाऱ्या या दोघांचे कागदावरच्या एका खुणेबाबत एकमत नव्हते.

१२/
प्रत्यक्ष प्रयोग झाला तो ऑस्ट्रेलियात. १८५६ साली व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या दोन वसाहतींनी सरकारने छापलेली मतपत्रिका आणि आडोशातले मतदान सुरू केले. नोंदीच्या प्रश्नावर मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. व्हिक्टोरियात मतदाराचा यादीतला क्रमांक मतपत्रिकेच्या मागे लिहीत, म्हणजे पुढे वाद झाला तर खोटे मत शोधून काढता येईल. दक्षिण ऑस्ट्रेलियाने असा कोणताही दुवा ठेवला नाही. मत एकदा पेटीत पडले की ते कोणाचे, हे देवालाही विचारून उपयोग नाही.

१३/
येथे खरा पेच उघडा पडतो. मतदान केंद्रावरच्या कारकुनाकडून समाजाला दोन गोष्टी हव्या असतात. मत देणारा माणूस खरा होता आणि त्याने एकदाच मत दिले, हे त्याच्या कागदांवरून सिद्ध व्हावे. त्या माणसाने कोणाला मत दिले, हे मात्र त्याच कागदांवरून कधीही कळू नये. पहिली गोष्ट जितकी पक्की करावी, तितकी दुसरी धोक्यात येते. खोटे मत नंतर वगळायचे तर ते सापडायला हवे, आणि खोटे मत सापडू शकते म्हणजे खरेही सापडू शकते.

१४/
ब्रिटनने १८७२ साली मतपत्रिका कायदा केला तेव्हा या पेचावर मधला मार्ग काढला. कायदा संसदेच्या आणि नगरपालिकांच्या निवडणुकांना एकत्रच लागू होता. सरकारचा स्वतःच्या या धाडसावर इतका थोडा विश्वास होता की कायद्याची मुदत ३१ डिसेंबर १८८० पर्यंतच ठेवली होती. नंतर वर्षानुवर्षे मुदतवाढ मिळत राहिली.

१५/
पहिला प्रयोग १५ ऑगस्ट १८७२ रोजी यॉर्कशरमधील पाँटेफ्रॅक्ट या गावी पोटनिवडणुकीत झाला. ह्यू चिल्डर्स ६५८ विरुद्ध ५७८ मतांनी निवडून आले. तेथली एक मतपेटी आजही जपून ठेवलेली आहे. पेटीच्या लाखेवर उमटवलेला ठसा गावातल्या ज्येष्ठमधाच्या वड्या बनवणाऱ्या कारखान्याचा आहे. वड्यांवर मारायचा शिक्का लोकशाहीच्या लाखेवर बसला, आणि कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही.

१६/
या कायद्याच्या परिशिष्टात केंद्रावरच्या माणसांची कामे ओळीने दिली आहेत. ती मुळातून पाहण्यासारखी आहेत, कारण पुढे अर्ध्या जगातल्या मतदान केंद्रांवर याच कामांचे वंशज वावरताना दिसतात.

प्रत्येक मतपत्रिकेच्या मागे एक क्रमांक छापलेला असे. तोच क्रमांक स्थळप्रतीवर, म्हणजे पावतीपुस्तकात मागे राहणाऱ्या अर्ध्या भागावर, छापलेला असे.

मतदार आला की त्याचा यादीतला क्रमांक, नाव आणि वर्णन मोठ्याने पुकारायचे. उमेदवारांचे प्रतिनिधी ऐकत बसलेले असत. आक्षेप घ्यायचा तर तेव्हाच.

मग मतदाराचा यादीतला क्रमांक स्थळप्रतीवर लिहायचा. मतपत्रिकेवर अधिकृत शिक्का मारायचा. यादीत त्याच्या नावापुढे खूण करायची.

१७/
या शेवटच्या खुणेबद्दल कायद्याने जी काळजी घेतली आहे ती विलक्षण आहे. खुणेतून एवढेच कळावे की या माणसाला मतपत्रिका मिळाली. कोणती मतपत्रिका मिळाली, हे कळता कामा नये. म्हणजे यादीत माणूस आहे पण मतपत्रिका नाही. पेटीत मतपत्रिका आहे पण माणूस नाही. दोघांना जोडणारा धागा एकाच ठिकाणी आहे, तो स्थळप्रतीवर. आणि स्थळप्रती संध्याकाळी पाकिटात घालून मोहोरबंद करायच्या. न्यायालयाच्या किंवा संसदेच्या आदेशावाचून त्या पाकिटाला कोणी हात लावायचा नाही.

१८/
मतमोजणीतही हाच विचार आहे. मतपत्रिका मोजताना त्या दर्शनी बाजू वर करूनच ठेवायच्या आणि मागचा छापील क्रमांक कोणाच्या दृष्टीस पडू नये याची खबरदारी घ्यायची. अधिकृत शिक्का कोणता असेल हे आधी गुप्त ठेवायचे, आणि एकदा वापरलेला शिक्का त्याच मतदारसंघात निदान ७ वर्षे पुन्हा वापरायचा नाही, म्हणजे कोणी जुन्या शिक्क्याची नक्कल करून घरून मतपत्रिका आणू नये. केंद्रावरच्या प्रत्येक अधिकाऱ्याला, कारकुनाला आणि प्रतिनिधीला गुप्ततेचे प्रतिज्ञापत्र करावे लागे. ते मोडले तर ६ महिन्यांपर्यंत कैद.

१९/
आता बर्मिंगहॅमच्या केंद्राध्यक्षाने काय केले ते नीट दिसते. स्थळप्रतीवर लिहायचा आकडा त्याने मतपत्रिकेच्या दर्शनी बाजूवर लिहिला. मोजणीच्या टेबलावर ती मतपत्रिका सरळ ठेवली की मत आणि मतदार एकाच नजरेत येतात. हाती यादी असलेल्या कोणालाही त्यापुढे फक्त नाव शोधायचे उरते. मोहोरबंद पाकिटात लपवलेला धागा त्याने सगळ्यांसमोर आणून ठेवला होता.

२०/
कायद्याचे दुसरे कलम येथे आड आले. मागचा छापील क्रमांक सोडून ज्या मतपत्रिकेवर मतदार ओळखता येईल असे काही लिहिलेले असेल, ती बाद. लिहिणारा मतदार आहे की अधिकारी, याचा भेद कलमात नाही. न्यायालयाने तो केला नाही, आणि करता आलाही नसता. ओळख पटण्याचा धोका दोन्हीकडे सारखाच. हा निकाल त्या २९४ लोकांवर अन्याय करणारा होता यात शंका नाही. या मतदारांत काही स्त्रियाही असू शकतील, कारण १८६९ पासून कर भरणाऱ्या एकट्या स्त्रियांना नगरपालिकेसाठी मत देता येत होते. संसदेसाठी त्यांना आणखी जवळजवळ ५० वर्षे थांबावे लागणार होते.

२१/
निवडणूक मात्र रद्द झाली नाही. ती मते धरली असती तरी निकाल तोच राहिला असता, आणि एकंदरीत मतदान कायद्याला धरून झाले होते, असे न्यायालयाने मानले. शिवाय एक भेद पक्का केला. मूळ कलमातली अट तंतोतंत पाळलीच पाहिजे. परिशिष्टातल्या सूचना साराने पाळल्या तरी चालतात. याच प्रकरणात मतदारांनी केलेल्या वाकड्यातिकड्या, जागा चुकलेल्या फुल्यांकडे न्यायाधीशांनी बऱ्याच उदारपणे पाहिले. मतदाराच्या हातून चूक झाली तर क्षमा, कारकुनाच्या हातून झाली तर मत बाद. तर्क कायद्याचा आहे, पण त्याची किंमत मतदारच देतो.

२२/
जवळजवळ १०० वर्षांनी उलट चूक झाली. १९७३ साली ग्रेटर लंडन कौन्सिलची निवडणूक होती. क्रॉयडन ईशान्य या मतदारसंघात विजयी उमेदवाराची आघाडी ११ मतांची. मोजणीत ४४ मतपत्रिका बाद झाल्या होत्या, कारण त्यांच्यावर अधिकृत शिक्काच नव्हता. निरनिराळ्या केंद्रांवर गर्दीच्या वेळी कारकून शिक्का मारायला विसरले होते. त्या ४४ धरल्या असत्या तर पराभूत उमेदवार ७ मतांनी विजयी झाला असता.

२३/
'मॉर्गन विरुद्ध सिम्प्सन' या खटल्यात अपील न्यायालयाने १९७४ साली ही निवडणूक रद्द ठरवली. बर्मिंगहॅमचा जुना निकाल समोर ठेवूनच लॉर्ड डेनिंग यांनी नियम मांडला. निवडणूक साराने कायद्याप्रमाणे झाली असेल तर केंद्रावरच्या चुकीने ती कोसळत नाही. पण त्या चुकीने निकाल बदलला असेल तर ती कोसळते. बर्मिंगहॅममध्ये कारकुनाने जास्त लिहिले, क्रॉयडनमध्ये कमी. एकीकडे २९४ मते गेली आणि निकाल टिकला, दुसरीकडे ४४ गेली आणि निकाल गेला.

२४/
पुढे २००६ च्या कायद्यानंतर ब्रिटनमध्ये हाताने मारायचा शिक्का गेला आणि अधिकृत खूण मतपत्रिकेवर छापूनच येऊ लागली. स्थळप्रतही गेली, तिच्या जागी क्रमांकांची एक स्वतंत्र यादी आली. म्हणजे धागा अजून आहेच. फक्त तो वेगळ्या कागदावर आहे.

२५/
१८७२ च्या परिशिष्टातील आणखी दोन नोंदवह्यांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

एक, 'केंद्राध्यक्षाने खूण केलेल्या मतांची यादी'. अंध किंवा अपंग मतदार, वाचता न येणारे मतदार, आणि शनिवारी मतदान असेल तर धर्माज्ञेमुळे त्या दिवशी लिहू न शकणारे ज्यू मतदार यांच्या वतीने केंद्राध्यक्ष खूण करी आणि कारणासह नोंद ठेवी. कोणत्या कारणाने किती, याचा तक्ता संध्याकाळी द्यावा लागे.

दोन, ज्याच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले आहे अशा मतदाराची यादी. त्याला परत पाठवायचे नाही. वेगळ्या रंगाची मतपत्रिका द्यायची, ती पेटीत न टाकता वेगळी ठेवायची आणि नाव-क्रमांक लिहायचा. मोजणीत ते मत धरले जात नाही, पण खटला झाला तर ते उपयोगी पडते.

२६/
निवडणुकीच्या कामावर गेलेल्या कोणत्याही मराठी शिक्षकाला ही दुसरी यादी ओळखीची वाटेल. आपल्याकडे त्यालाच 'प्रदत्त मत' म्हणतात. स्वतंत्र भारताच्या निवडणूक नियमांत या ब्रिटिश परिशिष्टाचे संस्कार जागोजाग दिसतात.

२७/
पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ साली, भारताने वेगळीच वाट धरली होती. बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह. मतपत्रिकेवर खूण करायचीच नाही. ती फक्त हव्या त्या पेटीत टाकायची. मतपत्रिका नाशिकच्या सरकारी मुद्रणालयात छापल्या गेल्या, पेट्यांतल्या पुष्कळशा विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात घडल्या. मतपत्रिकेवर मतदाराची अक्षरही नाही, खूणही नाही, म्हणजे गुप्तता जवळजवळ पूर्ण. पण आडोशात गेलेला मतदार मतपत्रिका पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणू शकत होता, आणि बाहेर तिचे पैसे देणारे उभे असत. अशा वेळी केंद्राध्यक्षाच्या हिशेबात दिलेल्या मतपत्रिका आणि पेटीतल्या मतपत्रिका जुळत नसत. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत ही पद्धत जाऊन मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली.

२८/
१९६१ च्या निवडणूक संचालन नियमांमध्ये स्थळप्रत आहे, तिच्यावर मतदाराचा यादीतला क्रमांक लिहिणे आहे आणि त्याची सही किंवा अंगठाही आहे. त्याच नियमात, ३८ व्या, एक वाक्य असे आहे की ते बर्मिंगहॅमच्या केंद्राध्यक्षासाठीच लिहिले असावे असे वाटते. स्थळप्रतीवरची ती नोंद सोडली तर मतदान केंद्रातील कोणाही व्यक्तीने कोणत्या मतदाराला कोणत्या क्रमांकाची मतपत्रिका दिली हे टिपून ठेवायचे नाही. कारकुनाला लिहायला सांगणारे नियम पुष्कळ असतात. लिहू नकोस असे सांगणारे थोडे.

२९/
मतदान यंत्र आले तेव्हा स्थळप्रत संपली. तिची जागा '१७-ए' या मतदार नोंदवहीने घेतली: ओळीने माणसे, यादीतला क्रमांक, ओळखीचा पुरावा, सही किंवा अंगठा. दिवसाखेर '१७-सी' मध्ये हिशेब द्यायचा: नोंदवहीत किती जण, त्यांपैकी किती जणांनी मत दिले नाही, किती जणांना देऊ दिले नाही, यंत्रात किती मते. त्याची प्रत प्रतिनिधींना द्यायची आणि पोच घ्यायची.

३०/
या नोंदवहीतही एक १३० क्रमांकाचे केंद्र दडलेले होते. नियम ४९-ओ असा होता: नोंदवहीत सही केल्यावर मतदाराने मत द्यायचे नाही असे ठरवले, तर त्याच्या नावापुढे केंद्राध्यक्षाने तसा शेरा लिहायचा आणि मतदाराची सही घ्यायची. हिशेब जुळावा म्हणून ही तरतूद. पण एकही उमेदवार पसंत नाही, हे सांगणारा माणूस अशा रीतीने नाव-सहीनिशी उघडा पडत होता. उमेदवारांचे प्रतिनिधी तेथेच बसलेले. मत देणाऱ्याला गुप्तता, नाकारणाऱ्याला नाही.

३१/
'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी ही तरतूद रद्दबातल ठरवली आणि यंत्रावर 'नोटा'चे बटण आले. 'नोटा'ची चर्चा नेहमी नकाराच्या अधिकाराची म्हणून होते. निकालाचा गाभा मात्र एका रकान्यातल्या शेऱ्याविषयी होता.

३२/
महाराष्ट्रात १९९४ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि केंद्रावरच्या माणसाचे काम तेथे लोकसभेपेक्षा किचकट असते. ग्रामपंचायतीच्या एका प्रभागात एकाहून अधिक जागा असतात. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची मते एकाच वेळी द्यायची असतात. २०१७ च्या महापालिका निवडणुकांत मुंबई वगळता इतरत्र बहुसदस्यीय प्रभाग होते. चार जागांच्या प्रभागात नोंदवहीतली माणसे ५०० आणि यंत्रातली मते २०००, असा हिशेब येतो. प्रत्येक जागेची बेरीज वेगळी लावून पाहावी लागते. दमलेल्या माणसाने साडेपाचनंतर करायची ही कामे आहेत.

३३/
आणि स्थानिक निवडणुकीत गुप्ततेचा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण आकडे लहान असतात. काही शे मतदारांचा प्रभाग, कोणत्या आळीत कोणाची किती घरे हे सगळ्यांना पाठ. केंद्राची मतमोजणी वेगळी जाहीर झाली की नोंदवहीत कोणाचेही नाव न पाहता गाव अंदाज बांधते. १८३५ च्या इंग्लंडात जी माहिती १ शिलिंगाला मिळत होती, ती पारावर फुकट मिळू शकते.

३४/
कागदी मतपत्रिकांच्या काळात यावर एक उपाय होता. मतदारांवर दहशत बसण्याची शक्यता असेल तेथे निवडणूक आयोगाच्या आदेशाने अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मोजण्यापूर्वी एकत्र मिसळायच्या, असा नियम १९६१ च्या नियमावलीत पुढे घातला गेला. यंत्रातली मते अशी मिसळता येत नाहीत. अनेक यंत्रांची एकत्र बेरीज दाखवणारे 'टोटलायझर' नावाचे उपकरण वापरावे, असे निवडणूक आयोगाने सुचवले, विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने ती मान्य केली नाही, आणि मोजणी अजून यंत्रागणिक, म्हणजे केंद्रागणिकच होते.